एका गोगलगायीची शंभर नावं

व्हेनिसच्या दक्षिणेला किओज्जा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथला जुझेप्पे ओलिवी हा तरुण पाद्री एड्रिॲटिक समुद्रातल्या प्राण्यांची नोंद ठेवत असे. 1792 साली त्याचा ‘झूओलोजिया आद्रिआतिका’ हा ग्रंथ छापून आला आणि त्यात त्याने एका बारक्या समुद्री गोगलगायीला नाव दिलं. बोटाच्या पेरावर सहज मावेल असा शंख, मळकट रंग, डोळ्यांत भरावं असं काहीच नाही. ओलिवीला माहीत असणं शक्यच नव्हतं, पण हा जीव त्या भागात जवळजवळ परका होता. त्याचं खरं राज्य उत्तरेच्या थंड पाण्यात: नॉर्वे, ब्रिटन, आइसलँड, ग्रीनलँड, कॅनडाचा पूर्व किनारा. दक्षिणेकडे तो पोर्तुगालपर्यंत सलग दिसतो, आणि मग अख्खा भूमध्य समुद्र सोडून थेट एड्रिॲटिकच्या उत्तर टोकाला उगवतो. म्हणजे ज्या नमुन्यांवरून या प्राण्याची शास्त्राला पहिली ओळख झाली, ते त्याच्या राज्याच्या पार एकाकी कोपऱ्यातले होते.

पाचच वर्षांनी इंग्लंडमध्ये विल्यम मेटनने तिथल्या किनाऱ्यावरच्या गोगलगायीला वेगळं नाव दिलं. 1803 मध्ये जॉर्ज माँटेग्यूने ब्रिटनच्या शंखांवरच्या आपल्या ग्रंथात आणखी दोन नावं घातली. मग कुणी ग्रीनलँडहून आलेल्या शंखांना नाव दिलं, कुणी अगदी चिमुकल्या शंखांना, कुणी पट्टेवाल्यांना. हा क्रम दीडशे-पावणेदोनशे वर्षं चालू राहिला. जाड कवचाची, पातळ कवचाची, कंगोरे असलेली, गुळगुळीत, काळी, पिवळी, नारिंगी, चौकड्यांची, अशी जी जी गोगलगाय हाती आली तिची कुठे प्रजाती झाली, कुठे उपप्रजाती, कुठे नुसता ‘प्रकार’. शंभराहून जास्त वेळा हा एकच प्राणी ‘नवा’ म्हणून नोंदवला गेला. आज त्याचं मान्य नाव एकच आहे: लिटोरिना सॅक्साटिलिस. जगात सर्वाधिक वेळा चुकीचा ओळखला गेलेला प्राणी म्हणून त्याचा उल्लेख होतो.

ही नावं देणारी माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी जे फरक टिपले ते खरेच होते आणि आजही त्या किनाऱ्यांवर गेलं की दिसतात. एक प्रजाती तिच्या जागेप्रमाणे कशी घडत जाते, याचा जिवंत पुरावा त्यांच्या हातात होता. फक्त तो वाचायला लागणारी भाषा तेव्हा कुणाकडेच नव्हती. म्हणून मला या नावांची यादी चुकांची जंत्री वाटत नाही. उत्क्रांती हा शब्द रुळण्याआधी उत्क्रांतीची इतक्या बारकाईने केलेली नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या गोगलगायी राहतात ती जागाच विलक्षण आहे. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधला खडकाळ पट्टा. दिवसातले काही तास पाण्याखाली, उरलेले उन्हात, वाऱ्यात, हिवाळ्यात बर्फात. चार पावलं इकडे गेलं तर लाटांचा थेट मारा, चार पावलं तिकडे गेलं तर दगडगोट्यांच्या आड खेकड्यांचं राज्य. आणि ही गोगलगाय आयुष्यभरात फार तर काही मीटर सरकते. जिथे जन्मली तिथेच तिचा निभाव लागला पाहिजे.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रकार सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथे भरती-ओहोटीचा फरक अगदीच किरकोळ, त्यामुळे सगळी वाटणी किनाऱ्याच्या लांबीत होते. समुद्रात घुसलेल्या उघड्या कड्यावर लाटा आदळतात, तिथे खेकड्याला पाय रोवता येत नाहीत. तिथली गोगलगाय लहान, पातळ कवचाची. तिच्या शंखाचं तोंड मोठं, कारण खडकाला घट्ट धरून ठेवणारा मांसल पाय मोठा. दोन कड्यांच्या मधल्या शांत, गोट्यांनी भरलेल्या जागेत खेकडे असतात. तिथली गोगलगाय साधारण दुप्पट मोठी, कवच जाड आणि तोंड अरुंद, म्हणजे खेकड्याची नांगी आत शिरत नाही आणि कवच सहजासहजी फुटत नाही. स्वभावही वेगळा. दोघींना हात लावून बघा: खेकड्यांच्या शेजारी राहणारी आत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही, लाटांवरची थोड्याच वेळात पाय बाहेर काढून पुन्हा खडक धरते. धोका नांगीचा असेल तर दार लावून बसण्यात शहाणपण आहे, आणि लाटेचा असेल तर पकड सुटणं म्हणजेच मरण.

या दोन रूपांच्या मधे काही मीटरचा पट्टा असतो. तिथे दोन्ही भेटतात, त्यांचा संकर होतो आणि मधल्या रूपाची पिल्लं होतात.

स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यावर हेच नाटक उभ्या खडकावर चालतं. तिथे भरती मोठी असते. वरच्या भागात, खडकाला चिकटून बसणाऱ्या कवचधारी बार्नॅकलच्या पट्ट्यात, कंगोरे आणि पट्टे असलेली मोठी गोगलगाय. खाली, शिंपल्यांच्या पट्ट्यात, लाटा झेलणारी लहान गुळगुळीत. मधे पुन्हा दोन्ही, आणि दोन्हींचे संकर. ब्रिटनमध्ये आणखी एक रूप आहे: मेलेल्या बार्नॅकलच्या रिकाम्या कवचात आयुष्य काढणारी, पूर्ण वाढूनही काही मिलिमीटरच्या पुढे न जाणारी. तिला 1844 सालीच स्वतंत्र प्रजातीचा मान मिळाला होता आणि तो पुढे शंभर वर्षांहून जास्त टिकला.

शंख एवढा बदलत असेल तर प्रजाती ओळखायची कशावरून? एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांपुढे बहुतेक वेळा रिकामे शंख असत. लाकडी कपाटाच्या खणात, कापसावर ठेवलेले, चिठ्ठीवर गावाचं नाव. शंख सुकला की टिकतो, पाठवता येतो, चित्र काढता येतं. प्राणी मात्र कुजतो. म्हणून सगळं शास्त्र कवचावर उभं राहिलं. आणि कवच हीच या प्राण्याची सगळ्यात लवचिक गोष्ट निघाली. लिटोरिनाच्याच दुसऱ्या एका प्रजातीवर अमेरिकेत प्रयोग झाले आहेत. नुसत्या खेकड्याच्या वासाच्या पाण्यात वाढवलं, तरी त्या गोगलगायी जास्त जाड कवच बनवतात. खेकडा समोर असायचीही गरज नाही.

खरी उकल कवच फोडून आतला प्राणी पाहिल्यावर सुरू झाली. 1975 साली जोसेफ हेलरने ब्रिटनमधल्या या गटाचे चार भाग केले, तेव्हा कवचाबरोबर शरीररचनाही हिशेबात घेतली. त्यातली सगळीच वाटणी पुढे टिकली नाही. पण तीन वर्षांनी, 1978 मध्ये, सीलिया हॅनफर्ड एलिसने एक साधा प्रश्न धरून ठेवला, पिल्लं जन्माला कशी येतात, आणि सगळं चित्रच पालटलं.

सॅक्साटिलिसची मादी हलकेच फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की अंडमार्गाच्या शेवटच्या भागात एक पातळ पिशवी दिसते. ती बारीक दाण्यांनी भरलेली असते, पहिल्या नजरेला खसखस भरल्यासारखी. भिंग वाढवलं की कळतं, त्यातल्या कितीतरी दाण्यांना स्वतःचा शंख आहे. काही नुसते गोळे, काहींना वेटोळ्याची सुरुवात, काही पूर्ण घडलेली, पाय हलवणारी गोगलगाय. एकेका मादीत अशी शेकडो पिल्लं, वाढीच्या सगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी. पिशवीतून बाहेर पडली की ती लगेच खडकावर चालू लागतात.

हॅनफर्ड एलिसला त्याच खडकांवर, अगदी तसाच शंख असलेल्या काही माद्या सापडल्या, ज्यांना ही पिशवीच नव्हती. त्या जागी होती एक जाडसर ग्रंथी, जी अंड्यांभोवती चिकट आवरण घालते. या माद्या खडकाच्या फटींत अंड्यांचे पुंजके घालत होत्या. दोघी शेजारी शेजारी बसल्या तर बाहेरून फरक सांगणं जवळजवळ अशक्य. तिने या अंडी घालणाऱ्या गोगलगायीला लिटोरिना आर्काना असं नाव दिलं. विचार करा, ब्रिटनचा किनारा म्हणजे जगातल्या सर्वात जास्त पायाखालून गेलेल्या किनाऱ्यांपैकी एक. दोनशे वर्षं तिथे शंख गोळा होत होते. एकाच प्राण्याला शंभर नावं पडली होती, आणि खरोखर वेगळी असलेली प्रजाती त्या सगळ्यांच्या नजरेसमोर बिननावाची बसली होती.

नरांच्या बाबतीत काम आणखी अवघड. लिटोरिनाच्या नराच्या जननेंद्रियावर छोट्या ग्रंथींच्या ओळी असतात. त्यांची संख्या आणि मांडणी पाहून काही प्रजाती वेगळ्या काढता येतात. सॅक्साटिलिस आणि आर्काना यांचे नर मात्र त्यावरूनही खात्रीने सांगता येत नाहीत. पिल्लांची तर गोष्टच सोडा.

या सगळ्या पसाऱ्यात बसून हिशेब लावणारा माणूस म्हणजे लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधला डेव्हिड रीड. तो या कुळाकडे उष्ण कटिबंधातून आला. 1986 साली त्याने हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या खारफुटीतल्या लिटोरॅरिया या वंशावर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या कोकणातल्या खाड्यांत तिवराच्या खोडांवर पाण्याच्या वर चढून बसलेल्या गोगलगायी दिसतात, त्या याच वंशातल्या. कातळावर भरतीच्या रेषेच्याही वर, फटींमध्ये दाटीवाटीने बसणाऱ्या त्यांच्या चुलतबहिणीही आपल्याकडे आहेत. लिटोरिना हा वंश मात्र आपल्याकडच्या गरम पाण्यात फिरकत नाही. तो उत्तर प्रशांत आणि उत्तर अटलांटिक या थंड समुद्रांपुरताच.

रीडने 1996 मध्ये रे सोसायटीतर्फे लिटोरिनाचा समग्र ग्रंथ प्रसिद्ध केला. संग्रहालयांतले जुने नमुने, जुनी वर्णनं, शरीररचना आणि तोवर हाती आलेली जैवरासायनिक माहिती, सगळं एकत्र ठेवून त्याने निवाडा केला. अख्ख्या वंशात वीसच्या आतच प्रजाती उरल्या. बार्नॅकलमध्ये राहणारी ती चिमुकली गोगलगाय सॅक्साटिलिसमध्ये विलीन झाली, आर्काना स्वतंत्र राहिली. या वंशाचा प्रवासही त्यातून पुढे आला. मूळ घर उत्तर प्रशांत महासागर. काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांपूर्वी बेरिंगची सामुद्रधुनी उघडली तेव्हा या वंशाच्या काही शाखा आर्क्टिकमार्गे अटलांटिकमध्ये उतरल्या. युरोपच्या खडकांवरच्या आजच्या लिटोरिना या त्या स्थलांतरितांच्या वंशज.

पोटात पिल्लं वाढवण्याचा हा गुण किती दूरवर नेतो ते रॉकॉलवर दिसतं. रॉकॉल म्हणजे अटलांटिकमधून वर आलेला एक सुळका. उंची जेमतेम 17 मीटर, आणि स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांपासून तो पश्चिमेला सुमारे 300 किलोमीटर. आजूबाजूला नुसतं पाणी. लिटोरिना लिटोरिया ही या वंशातली सर्वात मोठी युरोपीय प्रजाती, जी ब्रिटनमध्ये उकडून टाचणीने काढून खातात, ती आपली अंडी समुद्रात सोडते आणि तिच्या अळ्या काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात. कुणीही म्हणेल, दूरच्या खडकावर पोचायचं तर हीच पोचेल. प्रत्यक्षात रॉकॉलवर ती नाही. तिथे आहे सॅक्साटिलिस, जी आयुष्यभर काही मीटरच सरकते. स्वीडनच्या शेर्श्टिन योहानेसनने 1988 साली या कोड्यावर लिहिलं आणि उकल अतिशय सुंदर आहे. तरंगत्या अळ्या एवढ्याशा खडकावर योगायोगाने पोचल्या, तरी त्यांची पुढची पिढी पुन्हा समुद्रात वाहून जाते. सॅक्साटिलिसची एकच गाभण मादी तुटलेल्या शैवालाच्या लगद्याबरोबर येऊन पडली तरी पुरे. तिची पिल्लं तिथेच उतरतात, तिथेच वाढतात.

त्यात आणखी एक गोष्ट. 2010 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एकेका मादीच्या पिशवीतल्या पिल्लांची जनुकं तपासली, तेव्हा एका मादीच्या पिल्लांचे किमान 15 ते 23 वेगवेगळे बाप निघाले. म्हणजे एकटी मादी वाहत येते तेव्हा ती मूळ किनाऱ्यावरच्या विविधतेचा मोठा वाटा पोटात घेऊन येते. नव्या जागी निवड होण्यासाठी लागणारं भांडवल पहिल्या दिवसापासून हाताशी.

ते भांडवल कसं वापरलं जातं, हे योहानेसनने एका प्रयोगात पाहिलं. असा प्रयोग करायला विलक्षण धीर लागतो. 1988 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर स्कॅगेरॅक आणि कॅटेगॅटच्या समुद्रात विषारी शैवालाचा उद्रेक झाला आणि स्वीडनच्या किनाऱ्याजवळच्या बारक्या खडकांवरच्या गोगलगायी मरून गेल्या. लाटांनी धुतलेले असे काही खडक पूर्ण रिकामे झाले. 1992 मध्ये योहानेसनने त्यातल्या एका छोट्या खडकावर सुमारे 700 गोगलगायी नेऊन सोडल्या. मुद्दाम चुकीच्या: खेकड्यांच्या शेजारी राहणाऱ्या, मोठ्या, जाड कवचाच्या. त्या खडकावर खेकडे नव्हते, होत्या फक्त लाटा.

मग वर्षांमागून वर्षं तिथले शंख मोजले गेले. शंख लहान होत गेले, कवच पातळ होत गेलं, तोंड रुंद होत गेलं. पहिल्या दहा वर्षांतच फरक उघड दिसू लागला. तीस वर्षांत ती वस्ती लाटांवरच्या गोगलगायींसारखी झाली. 2024 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यातला जनुकांचा भाग मला सर्वात विलक्षण वाटतो. बहुतेक बदल नव्या उत्परिवर्तनांची वाट पाहत बसले नव्हते. लाटांना अनुकूल असलेली जनुकरूपं त्या 700 जणींमध्ये थोड्या प्रमाणात आधीपासून होती, काही शेजारच्या खडकांवरून अधूनमधून आलेल्या पाहुण्यांनी आणली, आणि निवडीने त्यांना वर काढलं. यातली बरीच रूपं गुणसूत्रांच्या अशा मोठ्या तुकड्यांत आहेत, जे कधीकाळी उलटे बसले आणि त्यामुळे त्यांच्यातली जनुकं फुटून विखुरत नाहीत, एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. सॅक्साटिलिसमध्ये असे डझनाहून अधिक उलटे तुकडे सापडले आहेत.

हे कळल्यावर जुन्या वर्गीकरणाचा गोंधळ अगदी वेगळा दिसू लागतो. स्वीडनची लाटांवरची गोगलगाय आणि स्पेनची लाटांवरची गोगलगाय एका खणात ठेवल्या तर कुणीही एकाच नावाची चिठ्ठी लावेल. जनुकं सांगतात की स्वीडनच्या लाटावालीची जवळची नातलग स्वीडनचीच खेकडावाली आहे आणि स्पेनवाल्यांचं नातं स्पेनमध्येच आहे. तीच दोन रूपं त्या त्या किनाऱ्यावर स्वतंत्रपणे घडली. दिसण्यावरून नावं दिली असती तर दोन परक्या कुटुंबांना एक आडनाव मिळालं असतं आणि सख्ख्या बहिणींची फारकत झाली असती.

म्हणजे मग पिल्लं की अंडी, ही रेषा तरी पक्की ना? 2024 च्याच सुरुवातीला शॉन स्टँकोव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये त्यालाही हात घातला. त्यांनी पिल्लं देणाऱ्या आणि अंडी घालणाऱ्या लिटोरिनांचे संपूर्ण जीनोम वाचले आणि त्यावरून वंशवृक्ष काढला. पिल्लं देणाऱ्या सगळ्या एका फांदीवर येतील ही अपेक्षा. त्या आल्या नाहीत. संपूर्ण जीनोमच्या झाडावर अंडीवाल्या आणि पिल्लंवाल्या एकमेकींत मिसळून बसल्या होत्या. मग त्यांनी जीनोमचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं वेगळं झाड काढलं. तेव्हा विखुरलेल्या सुमारे 50 जागा अशा निघाल्या, जिथे पिल्लं देणाऱ्या सगळ्या गोगलगायी, कुठल्याही किनाऱ्यावरच्या असोत, एकच रूप बाळगतात. गेल्या लाखभर वर्षांत, दोन लाखांहून जास्त पिढ्यांमधून, हे बदल एकामागून एक साचत गेले आणि अंड्यांभोवती आवरण घालणाऱ्या ग्रंथीची पिल्लं वाढवणारी पिशवी झाली. एका झटक्यात झालेलं हे काम नव्हतं.

सस्तन प्राण्यांत हा बदल कोट्यवधी वर्षांपूर्वी घडून गेला, त्याच्या पायऱ्या पुसल्या गेल्या. या गोगलगायींत तो इतका ताजा आहे की अंडी घालणारी चुलतबहीण अजून त्याच फटीत, एका हाताच्या अंतरावर राहते. काही ठिकाणी दोघींचा संकरही होतो. म्हणून मला सारखं वाटतं, या लाखभर वर्षांच्या मधोमध, पन्नासातले पंचवीस बदल झालेली एखादी मादी त्या खडकांवर होती. ती अंडी थोडा जास्त वेळ पोटात धरत असेल, काही आतच फुटत असतील, काही बाहेर. तिला आर्कानात घालायचं की सॅक्साटिलिसमध्ये, याचं उत्तर तिच्या शंखावर नव्हतं. पोट फोडून पाहिलं असतं तरी मिळालं नसतं.